पॅलिओ जीवनशैली

शेतीचा शोध लागण्यापूर्वी शिकार, मासेमारी आणि कंदमुळे-फळे गोळा करून जगणाऱ्या माणसांचे खाणेपिणे व हालचाल नजरेसमोर ठेवून आजच्या काळात आखलेली जीवनपद्धती. पुराश्मयुगाच्या इंग्रजी नावावरून ‘पॅलिओ’ हा शब्द रूढ झाला. ही पद्धत पाळणारे लोक मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंद आणि बिया खातात. धान्ये, कडधान्ये, दूधदुभते, साखर व कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ टाळतात. भरपूर चालणे, मधूनच वेगाने धावणे, ओझे उचलणे, उकिडवे बसणे हाही तिचाच भाग. प्रत्यक्षात मात्र चर्चा ताटापाशीच अडकते.

अमेरिकी पोटविकारतज्ज्ञ वॉल्टर फोग्टलिन यांनी १९७५ मध्ये अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. या कल्पनेला वैद्यकात स्थान मिळाले ते बॉइड ईटन व मेल्विन कॉनर यांच्या १९८५ मधील लेखामुळे, आणि लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२ मधील पुस्तकाने ती घराघरांत पोहोचली. युक्तिवाद साधा आहे : होमो या मानववंशाला (आजचा माणूस व त्याचे जवळचे पूर्वज) २० लाखांहून अधिक वर्षे झाली, शेतीला जेमतेम १२ हजार, एवढ्या थोड्या काळात शरीर नव्या अन्नाला सरावलेले नाही, म्हणून मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार.

यातला ‘सरावलेले नाही’ हा भाग कच्चा आहे. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता अनेक मानवसमूहांत शेती-पशुपालनानंतरच पसरली. धान्यही शेतीआधीपासून पोटात जात होते. गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो येथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीचे रानटी धान्याचे दाणे आणि ते दळण्याचा दगड सापडला आहे. शिवाय पूर्वजांचा आहार एकच नव्हता : ध्रुवीय प्रदेशात जवळजवळ सगळे प्राणिजन्य, तर उष्ण प्रदेशात कंद, फळे आणि मध मुबलक. आज बाजारात मिळणाऱ्या भाज्याही त्या काळच्या नाहीत. कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोली ही तिन्ही एकाच रानटी वनस्पतीपासून माणसाने निवडून निवडून घडवली.

तरीही ही कल्पना मोडीत काढता येत नाही. केरिन ओडिया यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यासाठी वाचायला हवा. वायव्य ऑस्ट्रेलियातील १० मधुमेही आदिवासी शहरी राहणी सोडून ७ आठवडे आपल्या पारंपरिक प्रदेशात गेले. कांगारू, मासे, रानकंद, मध असे जे मिळवता येईल ते त्यांनी खाल्ले. परतले तेव्हा त्यांचे वजन सरासरी ८ किलोने उतरले होते आणि उपाशीपोटीची रक्तशर्करा पुष्कळ खाली आली होती. नेमके कशामुळे? रानातले अन्न, ते मिळवण्यासाठीची पायपीट, की पोटात जाणारे उष्मांकच कमी झाले? (एका टप्प्यावर मोजले तेव्हा ते दिवसाला सुमारे १२०० किलोकॅलरी भरले.) हे धागे वेगळे करता येत नाहीत आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. पण बदलली ती सगळी राहणी, नुसता पदार्थांचा तक्ता नव्हे. पॅलिओचे खरे मर्म मला इथेच दिसते.

हालचालीबद्दल टांझानियातील, आजही शिकार करून व कंदमुळे-फळे गोळा करून जगणाऱ्या हाडझा लोकांनी संशोधकांना दोनदा चकित केले. हे लोक रोज कित्येक किलोमीटर चालतात. पण शरीराचे आकारमान लक्षात घेऊन हिशेब केला, तर त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च शहरी माणसाएवढाच भरतो, असे हर्मन पाँट्झर व सहकाऱ्यांना २०१२ मध्ये आढळले. म्हणजे चालण्याचा लाभ वजनकाट्यावर शोधू नये. हाडझांची हृदये निरोगी असतात, तो तिथे शोधावा. दुसरी गोष्ट २०२० मधली : हाडझाही जागेपणी दिवसाला सुमारे १० तास स्वस्थ असतात. फरक एवढाच, की यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, त्यामुळे पायांचे स्नायू थोडेफार काम करत राहतात.

या पद्धतीतील सर्वांत दुबळी बाजू कडधान्यांवरील बंदीची. त्यांतील तंतू आणि प्रथिने सोडण्यासारखे सबळ कारण पुढे आलेले नाही. दूध वर्ज्य केल्यास कॅल्शियम हिरव्या पालेभाज्या, काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे अशांतून मुद्दाम मिळवावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय मांसाचे प्रमाण वाढवू नये.