पोत्यावरचे प्रथिन आणि पोटातले प्रथिन

सोयाबीनचे तेल काढल्यावर जी पेंड उरते तिला इंदूर-देवास पट्ट्यात सगळे डीओसीच म्हणतात. पोत्यावर ४६ किंवा ४८ टक्के प्रथिनांचा आकडा छापलेला असतो. मागूर या मिशीवाल्या माशाच्या पिलांना खाद्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. मग हिशेब सोपा वाटतो: डीओसी भिजवा, गोळे करा, टाकीत सोडा. पिले दोन-तीन दिवस खातात आणि मग तोंड फिरवतात. महिन्याभरात काही बोटाएवढी होतात, काही काडीएवढीच राहतात, आणि एकूण संख्या घटलेली असते. मेलेली पिले मात्र फारशी सापडत नाहीत, कारण उपाशी मोठ्यांनी लहानांना गिळलेले असते.

चूक त्या आकड्याच्या वाचनात आहे. प्रयोगशाळा सहसा थेट प्रथिने मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. पण नायट्रोजन युरियातही असतो, तो तर ४६ टक्के. त्याला ६.२५ ने गुणले की युरियात कागदोपत्री २८७ टक्के ‘प्रथिने’ निघतात! डीओसीच्या ५० किलोच्या पोत्यात अर्धा किलो युरिया गेला तर आकडा सुमारे २.४ टक्क्यांनी चढतो, आणि मासळीच्या वाढीच्या कामी त्यातला कणही येत नाही.

ही भेसळ घरी पकडता येते. चमचाभर डीओसी अर्धी वाटी कोमट पाण्यात ढवळून गाळून घ्या. त्या पाण्यात अर्धा चमचा कच्च्या सोयाबीनचे पीठ टाका आणि दहा मिनिटांनी लाल लिटमस बुडवा. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते. ते युरिया फोडून अमोनिया करते आणि कागद निळा पडतो. हीच परीक्षा उलटीही लावता येते. चोख डीओसीच्या लगद्यात चिमूटभर युरिया टाका. कागद झपाट्याने निळा पडला तर डीओसीतले युरिएज अजून जिवंत आहे, म्हणजे पेंड पुरेशी भाजलेली नाही. युरिएज स्वतः काही घातक नव्हे, पण ते उष्णतेने ज्या सुमारास मरते त्याच सुमारास ट्रिप्सिनरोधकही मरतो, आणि तो घातक आहे. ट्रिप्सिन हे प्रथिन पचवणारे विकर. रोधक त्याला घट्ट धरून ठेवतो आणि पिलू भरल्यापोटी उपाशी राहते. कारखान्यातली पेंड बहुधा नीट भाजलेली असते. अडचण येते ती घरचे सोयाबीन दळून घालणाऱ्यांची. त्यांनी दाणा रात्रभर भिजवून अर्धा तास चांगला उकळावा. पेंड करपलेली, गडद तपकिरी असेल तर तीही नको: जास्त उष्णतेने लायसिन हा प्रथिनातला आवश्यक घटक साखरेशी जखडला जातो आणि तो पचत नाही.

लायसिनचे नाव निघालेच आहे, तर खरे मोजमाप तिथेच आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ, आणि लायसिन हा तिच्यातला एक मणी. मासा ती तोडतो आणि आपल्या मापाची पुन्हा ओवतो. एखादा मणी कमी पडला की ओवणे तिथेच थांबते आणि उरलेले मणी जाळले जातात. मिशीवाल्या माशांपैकी सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या अमेरिकी चॅनेल कॅटफिशला प्रथिनाच्या सुमारे ५.१ टक्के लायसिन लागते. सोयाबीनच्या प्रथिनात ते सहाच्या पुढे असते, माशाच्या भुकटीत सात-साडेसात. भुईमुगाच्या पेंडीत मात्र जेमतेम साडेतीन. म्हणून पोत्यावर ४२ टक्के लिहिलेली भुईमूग पेंड ४६ च्या डीओसीच्या जवळही येत नाही. सोयाबीनची उणीव मेथिओनिन या दुसऱ्या मण्याची आहे आणि ती माशाची भुकटी भरून काढते. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते, तेही लायसिन बांधून ठेवते. पिलांना ती देऊच नये.

माशाची भुकटी घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. सुकटीच्या नावाखाली वाळू आणि मीठ विकले जाते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर भुकटी ढवळा आणि पाच मिनिटे थांबा. तळाशी चकाकता थर बसला तर ती वाळू. जिभेच्या टोकाला खारट लागली तर परत करा. खवट वासाची भुकटी तर फुकटही घेऊ नका.

आता पहिले दहा दिवस. या काळात वरचे सगळे हिशेब गैरलागू आहेत. अंड्यातून निघालेले मत्स्यजिरे तीन दिवस पिवळ्या बलकावर जगते. नंतर तोंड उघडते, पण जठर अजून कामाला लागलेले नसते. कोरडे खाद्य कितीही महागडे असले तरी बरेचसे न पचता बाहेर पडते. इथे जिवंत खाद्यच हवे: आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जीवाची पिले, मोइना नावाचे पाणपिसू, मग बारीक चिरलेले ट्युबिफेक्स किडे. आर्टेमियासाठी एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ आणि दोन ग्रॅम अंडी घाला, पाणी २८ अंशांवर ठेवा, खालून जोरात हवा सोडा, दिवा लावा. चोवीस तासांनी हवा बंद केली की टरफले वर तरंगतात आणि केशरी पिले खाली, उजेडाकडे जमतात. ती नळीने ओढून गोड्या पाण्याने धुऊन द्या. टरफले पोटात गेली तर जिऱ्यांचे आतडे तुंबते. हवेतून श्वास घेण्याचा मागूरचा प्रसिद्ध अवयवही या वयात तयार नसतो, त्यामुळे पंप बंद पडून चालत नाही. दहाव्या दिवसापासून आधी थोडे कोरडे खाद्य आणि मागून जिवंत, असे करत आठवडाभरात बदल करावा.

त्यानंतरच्या मत्स्यबीजासाठी दहा किलोचे हे मिश्रण चांगले जमते: माशाची भुकटी ३ किलो, डीओसी ४ किलो, भुईमूग पेंड १ किलो, कणीक १ किलो २०० ग्रॅम, मासळीचे व सोयाबीनचे तेल प्रत्येकी २०० ग्रॅम, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण २०० ग्रॅम, डायकॅल्शियम फॉस्फेट २०० ग्रॅम. भुकटी ५८ टक्क्यांची धरली तर प्रथिने ४१ टक्के पडतात आणि त्यांतला सोयाबीनचा वाटा निम्म्याच्या आत राहतो. पिलांच्या खाद्यात तो त्यापुढे नेऊ नये. सोयाबीनचा वास आणि चव मागूरला फारशी ओढत नाही.

सगळे मैद्याच्या चाळणीतून चाळून घ्या. तेल आणि जीवनसत्त्वे बाजूला ठेवा. उरलेले गरम पाण्यात घट्ट मळून वीस मिनिटे वाफवा आणि शेवेच्या सोऱ्यातून पाडा. इंदुरात सोऱ्या शोधत फिरावे लागणार नाही. सावलीत कडकडीत वाळवून चुरा, चाळा, मग थंड झालेल्या दाण्यांवर जीवनसत्त्वे घोळलेले तेल चोळा. जीवनसत्त्वे आधीच मळली तर वाफेत क जीवनसत्त्व जाते. त्याची कमतरता पडली की पिलांचा कणा वाकडा होतो, आणि तो नंतर सरळ होत नाही. मिश्रण घेताना त्यात क जीवनसत्त्व टिकाऊ फॉस्फेट रूपात आहे ना, हे वाचून घ्यावे. दाणा पाण्यात वीस मिनिटे फुटू नये. सुरुवातीला तो अर्ध्या मिलिमीटरचा, ग्रॅमभर वजनाच्या पिलाला एक मिलिमीटरचा.

पिलांची बोटाएवढी बोटुकली झाल्यावर ३२ टक्के प्रथिने पुरतात. डीओसी ४६ आणि तेल काढलेला तांदळाचा कोंडा १५ टक्क्यांचा असेल तर वजाबाक्या करा: ३२ मधून १५ गेले १७, तेवढे भाग डीओसी, ४६ मधून ३२ गेले १४, तेवढे भाग कोंडा. थोडी माशाची भुकटी इथेही हवी, चवीसाठी.

एकेक ग्रॅमच्या दोन हजार पिलांचे वजन दोन किलो. वजनाच्या आठ टक्क्यांनी रोजचे १६० ग्रॅम खाद्य झाले. ते चार वेळा द्या, मोठा वाटा अंधार पडल्यावर, कारण मागूर रात्रीचा खाणारा. दर आठवड्याला वजन करून मात्रा बदला आणि पिले आकाराने वेगळी करा. ४१ टक्के प्रथिनांच्या १६० ग्रॅम खाद्यातून सुमारे सहा ग्रॅम अमोनिया निघतो. दोन हजार लिटरच्या टाकीत हे लिटरमागे तीन मिलिग्रॅम झाले, तेही एका दिवसात. पंचवीस अंशांना पाण्याचा सामू (पीएच) ८ असेल तर त्यातला पाच टक्के विषारी रूपात असतो. दुपारी हिरव्या पाण्याचा सामू ९ ला गेला की तिसरा हिस्सा. मोठा मागूर हे बऱ्यापैकी सोसतो, म्हणूनच मालक फसतो. पिले मात्र आधी खाणे सोडतात. खाद्य उरलेले दिसले की ते वाढवू नका, तळ उपसा.

पूरकांच्या बाटल्यांबद्दल एवढेच: सोयाबीनमधला बहुतेक फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, आणि तो सोडवणारे फायटेज विकर मागूरला खरोखर उपयोगी पडते. रोहू-कटल्याला जठरच नसते, मागूरला आम्लयुक्त जठर आहे आणि फायटेजला आम्लच लागते. तेही वाफवल्यानंतर तेलासोबत चोळावे, नाहीतर मरते. बाकीची ‘ग्रोथ टॉनिके’ घेण्याआधी तो पैसा बऱ्या भुकटीत घालावा.

आणि जुलैत एकदम महिन्याभरापेक्षा जास्त खाद्य करून ठेवू नये. ओलावा दहा टक्क्यांवर गेला की भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी धरते. तिचे अफ्लाटॉक्सिन उन्हात वाळवून जात नाही. असे पोते गायीलाही घालू नये. ते विष दुधात उतरते.