बॅकअपसाठी डिस्कची निवड

संगणकावरच्या फायलींची राखीव प्रत ठेवायला सीडी, डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे डिस्क घेताना खोक्यावरच्या नावापेक्षा आतला माल महत्त्वाचा असतो. माहिती धरणारा थर कशाचा, त्यामागचा चमकदार थर कोणत्या धातूचा आणि डिस्क कुठल्या कारखान्यात तयार झाली, यांवर तिचे आयुष्य ठरते. '५२एक्स' हा आकडा फक्त लिहिण्याचा वेग सांगतो, टिकाऊपणाबद्दल काही सांगत नाही.

दुकानातून आणलेली गाण्यांची सीडी साच्यात दाबून काढलेली असते, तिच्यातले खळगे कायमचे असतात. घरी लिहायच्या सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेने तो जागोजागी बदलतो आणि ते डाग वाचणाऱ्या किरणाला खळग्यांसारखे भासतात. ऊन, उष्णता आणि दमटपणा हे या रंगद्रव्याचे वैरी. जपानच्या तैयो युडेन कंपनीने १९८८ मध्ये सायनिन रंगद्रव्य वापरून सीडी-आर तयार केली. पुढे थॅलोसायनिन आणि अ‍ॅझो ही रंगद्रव्ये आली. डिस्क उलटी करून उजेडात धरली तर बराचसा अंदाज येतो. चांदीच्या थरावरचे सायनिन निळसर-हिरवे दिसते, थॅलोसायनिन जवळजवळ रंगहीन, तर अ‍ॅझो गडद निळे. सायनिन प्रकाशाला सर्वांत हळवे. थॅलोसायनिन त्या मानाने पुष्कळ स्थिर, म्हणून जपून ठेवायच्या सीडीसाठी तेच घ्यावे. चमकदार थर बहुधा चांदीचा असतो. हवेतला गंधक आणि ओल यांनी चांदी काळवंडते, सोने काळवंडत नाही. म्हणूनच अभिलेखागारांसाठी सोन्याच्या थराच्या महाग सीडी निघाल्या.

सीडीची एक दुबळी बाजू फार थोड्यांच्या लक्षात येते. माहितीचा थर खालच्या चकचकीत बाजूला नसून वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालचा उथळ ओरखडा पॉलिश करून निघू शकतो. वरच्या बाजूला बॉलपेन दाबून लिहिले तर मात्र त्या जागेची माहिती कायमची जाते. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकाने जोडून थर मध्ये ठेवलेला असतो. त्यामुळे वरून धोका कमी, पण कडेचा सांधा सुटला की ओल आत शिरते.

पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क कायमच्या प्रतीसाठी घेऊ नयेत. रोजच्या कच्च्या कामाला त्या ठीक आहेत.

ब्ल्यू-रेमध्ये परिस्थिती बरीच चांगली आहे. मूळच्या, 'एचटीएल' जातीच्या बीडी-आरमध्ये (लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रेमध्ये) माहितीचा थर असेंद्रिय असतो. नंतर स्वस्तात काढलेल्या 'एलटीएच' जातीत पुन्हा सेंद्रिय रंगद्रव्य आले, म्हणून खोक्यावर एलटीएच दिसले तर ते परत ठेवावे. एका थरात २५ जीबी आणि दोन थरांत ५० जीबी मावतात, तीन थरांच्या डिस्कवर १०० जीबी. अमेरिकेतल्या मिलेनिआटा कंपनीची एम-डिस्कही असेंद्रिय थराचीच. ती हजार वर्षे टिकते हा कंपनीचा दावा कृत्रिमरीत्या जलद जीर्ण करून केलेल्या चाचण्यांवरून बांधलेला अंदाज आहे, पण सेंद्रिय रंगद्रव्यापेक्षा हा मार्ग नक्कीच भरवशाचा. डीव्हीडी प्रकारची एम-डिस्क लिहायला तिला चालणारा ड्राइव्ह लागतो, वाचायला साधा चालतो.

आता कारखान्याचे. एकाच नावाच्या दोन स्पिंडलमधला (दांड्यावर रचून विकल्या जाणाऱ्या डिस्कच्या थप्प्यांमधला) माल वेगवेगळ्या ठिकाणचा असू शकतो. डिस्कवर निर्मात्याचा संकेत कोरलेला असतो आणि तो सॉफ्टवेअरने वाचता येतो. नोएडा आणि ग्रेटर नोएडात कारखाने असलेली मोझर बेअर एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी होती आणि दुसऱ्या कंपन्यांच्या नावानेही माल बनवी. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली. तैयो युडेन २०१५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली, पॅनासोनिकने २०२३ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे बंद केल्या, सोनीने २०२५ मध्ये. त्यामुळे जुना साठा विकत घेण्याचा मोह होतो. पण न लिहिलेल्या डिस्कलाही वय असते, ते साधारण पाच ते दहा वर्षे धरतात. फार जुना कोरा माल टाळलेला बरा.

'फाइल उघडली, म्हणजे डिस्क चांगली' हा समज घातक आहे. ड्राइव्ह वाचताना चुका आपोआप दुरुस्त करत असतो. चुका वाढत जातात तरी वापरणाऱ्याला कळत नाही आणि मर्यादा ओलांडली की फाइल एकदम उघडेनाशी होते. चुका मोजणारी सॉफ्टवेअर मिळतात. डीव्हीडीच्या मानकात लागोपाठच्या आठ विभागांत २८० चुकांची मर्यादा आहे आणि ताजी लिहिलेली चांगली डिस्क तिच्या पुष्कळ खाली असते. दरवर्षी त्याच ड्राइव्हवर मोजणी करून आकडे ताडावेत, कारण ड्राइव्ह बदलला की आकडेही बदलतात. लिहिताना वेग मध्यम ठेवावा, लिहून झाल्यावर पडताळणी करावी, जमल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर. लेखन आतून बाहेर जाते आणि बिघाड बहुधा बाहेरच्या कडेपासून सुरू होतो. म्हणून डिस्क काठोकाठ भरू नये.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात डिस्कवर बुरशी चढते. कपाटात पडून असलेल्या लग्नाच्या डीव्हीडी काढून पाहिल्या तर धुरकट ठिपके दिसतात. कागदी लेबल चिकटवू नये, त्याने डिस्कचा तोल जातो आणि डिंकही थराला बाधतो. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहावे. डिस्क कडक डबीत, उभी, अंधारात ठेवावी. पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे सरळ फिरवावे, गोल नाही. लग्नाच्या ज्या डीव्हीडी आज वाचता येतात, त्यांची प्रत याच पावसाळ्याआधी बीडी-आरवर आणि एका हार्ड डिस्कवर काढून घ्यावी. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीचा एक चालू ड्राइव्हही त्या डब्यांसोबतच ठेवावा.