प्रथम वर्षाचे लघुचर्चासत्र

विद्यापीठीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षात दहा ते पंधरा विद्यार्थ्यांनी एका शिक्षकासोबत आठवड्यातून एकदा बसून, आधी वाचून आणलेल्या मजकुरावर दीड-दोन तास बोलण्याच्या अध्यापनपद्धतीस लघुचर्चासत्र म्हणतात. महाविद्यालयांच्या रोजच्या बोलण्यात ‘सेमिनार’ या शब्दाचे दोन वेगळेच अर्थ रुळले आहेत : एक, पाहुणे, सत्कार आणि प्रमाणपत्रे असलेला राज्यस्तरीय किंवा राष्ट्रीय कार्यक्रम, दुसरा, इंटरनलच्या गुणांसाठी विद्यार्थ्याने पडद्याकडे पाहत वाचून दाखवलेली पीपीटी. या नोंदीत त्यांपैकी कोणताही अर्थ अभिप्रेत नाही.

‘सेमिनारियम’ या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ रोपवाटिका असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-चांदवडकडचा विद्यार्थी हा अर्थ ऐकताच कांद्याच्या रोपाचा गादीवाफा डोळ्यांपुढे आणतो, आणि त्यात काही चुकीचेही नाही. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात योहान माथियास गेस्नर यांनी १७३० च्या दशकात भाषाभ्यासाचे असे वर्ग सुरू केले, तेव्हा त्यामागे शिक्षक घडवण्याचा हेतू होता. १७८७ मध्ये फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फ यांनी हाले येथे आणि पुढे लेओपोल्ड फोन रांके यांनी बर्लिनमध्ये ही पद्धत मूळ साधनांच्या चिकित्सेकडे वळवली. अमेरिकेत १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ती उचलली. परंतु बराच काळ ती वरच्या वर्गांपुरतीच राहिली. हार्वर्डने १९५९ मध्ये ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी खुली केली.

नाशिकमधील बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे अभ्यासक्रम वरून ठरून येतो आणि शिक्षकाच्या हाती उरते ती त्यातील मोकळी जागा. एका श्रेयांकास (क्रेडिटला) पंधरा तासिका या हिशोबाने दोन श्रेयांकांचे चर्चासत्र म्हणजे तीस तास, म्हणजेच कागदावर आठवड्याला दोन तासांप्रमाणे पंधरा बैठका होतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, गणपती, नवरात्र आणि दिवाळी मध्ये येतात, आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडची मुले घरच्या बागेत असतात, हे धरून अकरा बैठकांचीच आखणी करणे शहाणपणाचे ठरते. उरलेल्या बैठका रिकाम्या ठेवाव्यात. त्या आपोआप भरतात.

आखणीतील कळीचा निर्णय मजकुराच्या निवडीचा असतो. नवखा शिक्षक हमखास वीस-पंचवीस पानांचा लेख देतो, तो झेरॉक्सच्या दुकानात पोहोचतो आणि तिथेच थांबतो. सुरगाणा किंवा पेठहून एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती संध्याकाळचा जो तासभर उरतो, त्यात दोनदा वाचून होईल एवढाच मजकूर द्यावा. तो विद्यार्थ्याच्या परिसरातला असला तर उत्तम. मात्र परिचित विषयावर मुले ऐकीव माहितीच बोलू लागतात, म्हणून परिसर ओळखीचा आणि मजकूर अनोळखी, असा जोड साधावा लागतो.

त्र्यंबकेश्वर डोंगररांगेतील त्रिरश्मी, म्हणजेच पांडवलेण्यांतील, लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याचा प्राकृत लेख आहे. तो यासाठी फार सोयीचा पडतो. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजच वापरायची कायम ठेव, नाशिकजवळच्या गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवली : दोन हजार एका ‘कोलीक’ श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी, द्यावेत, असे लेख सांगतो. हा मजकूर भाषांतरासह एका पानात मावतो. वर्गात कुणीतरी ‘कोलीक’ म्हणजे कोळी असे ठामपणे सांगतो. ती चूक लगेच दुरुस्त करू नये. मासेमारी करणारे चीवराचा खर्च का सांभाळतील, अशी शंका दुसऱ्याच कुणाला येते आणि मग कोशात ‘कौलिक’, म्हणजे विणकर, सापडतो. व्याजासाठी आलेला ‘वढि’ हा शब्द वाढीदिढीने धान्य दिल्याचे घरी ऐकलेल्या मुलांना पटकन कळतो, आणि ‘पायून’मधला पाऊण ओळखू आला की मागच्या बाकावरची मंडळीही कागद पुढे ओढतात. त्यानंतर फळ्यावर हिशोब मांडावा. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, एकूण दोनशे चाळीस. हिशोब तंतोतंत जुळतो. मग दुसऱ्या श्रेणीचा दर कमी का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर लेखात नाही. शिक्षकाकडेही नसते, आणि म्हणूनच तो प्रश्न बैठकीच्या मध्यावर ठेवावा. ज्याचे उत्तर सरांच्या वहीत आहे, हे मुलांना ठाऊक असते, त्या प्रश्नावर चर्चा होत नाही, तोंडी परीक्षा होते.

बैठकव्यवस्थेचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. शंभराच्या घरातल्या तुकडीसाठी केलेल्या वर्गात बाके जमिनीत घट्ट बसवलेली असतात आणि तिथे गोल करता येत नाही. ग्रंथालयातील लांब टेबल, विभागाची खोली किंवा चक्क व्हरांड्यात अंथरलेली सतरंजी अधिक उपयोगी पडते. प्रश्न विचारल्यावर पसरणारी शांतता नव्या शिक्षकाला सोसत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो आणि तेथून पुढे व्याख्यान सुरू होते. त्यावर एक साधा उपाय आहे : बैठकीच्या आरंभी प्रत्येकाने पाच मिनिटे आपली शंका कागदावर लिहायची आणि मग ती वाचून दाखवायची. बोलायला घाबरणारा विद्यार्थी लिहिलेले वाचायला सहसा घाबरत नाही.

भाषेची अडचण याहून खोल आहे. सटाणा-मालेगावकडच्या मुलाची घरची बोली अहिराणी, सुरगाण्याच्या मुलीची कोकणा, शाळेची भाषा मराठी आणि संदर्भग्रंथ इंग्रजीत, अशा चार पायऱ्या एका वर्गात असतात. प्रमाण मराठीचा आग्रह पहिल्या महिन्यात धरला, तर निम्मा वर्ग उरलेले सत्र गप्पच राहतो. बोलणे कोणत्याही बोलीत चालावे आणि लेखन मात्र सावकाश प्रमाण भाषेकडे न्यावे, ही विभागणी व्यवहारात टिकते.

मूल्यमापनासाठी दर आठवड्याला अर्ध्या पानाचे टिपण पुरेसे असते. त्यांतील दोन टिपणे शिक्षकाच्या शेऱ्यानंतर पुन्हा लिहून घ्यावीत आणि गुण पुनर्लेखनाला द्यावेत. चर्चेतील सहभागाला गुण ठेवले की वारंवार हात वर करणाऱ्यांचीच चलती होते. टिपण गाईडमधून उतरवलेले आहे का, हे शोधत बसण्यापेक्षा त्यातले एक वाक्य निवडून ‘हे लेखात कुठल्या ओळीत आहे?’ एवढेच समोरासमोर विचारावे.