खुलासा: कोराडीत सांडपाण्यापासून वीज तयार होत नाही

‘नागपूरकरांच्या संडासातल्या पाण्यावर कोराडीत वीज तयार होते,’ हे वाक्य गेली काही वर्षं पानठेल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत फिरतंय. ऐकायला झकास आहे, पण खरं नाही.

नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात वीज कोळशापासूनच तयार होते. नागपुरातल्या भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या प्रत्येकी ६६० मेगावॉटच्या तीन वीजनिर्मिती संचांसाठी वापरलं जातं. मूळ योजना रोज १३ कोटी लिटरची होती. यातून इंधन मिळत नाही, भागते ती तहान. टर्बाइन फिरवून आलेली वाफ पुन्हा पाण्यात बदलायला थंडावा लागतो आणि त्यासाठी फिरवलेलं बरंचसं पाणी शीतमनोऱ्यांतून वाफ होऊन उडून जातं. ही तूट रोज भरावी लागते. मनोऱ्यात पाणी उडतं, क्षार मात्र मागे राहतात, म्हणून नाल्याचं पाणी तसंच सोडून चालत नाही. बॉयलरचं पाणी तर त्याहून कितीतरी शुद्ध लागतं.

मग फायदा कुणाचा? पेंच नदीच्या पाण्याचा. शहराचं पिणं, कोराडी-खापरखेड्याची वीज आणि पारशिवनी, रामटेक, मौद्याकडचं धान, सगळ्यांची नजर त्याच पाण्यावर. वीज केंद्राने सांडपाणी घेतलं की तेवढी ओढ कमी होते.

आता ‘म्हणून शहरातून वाहणारी नाग नदी स्वच्छ झाली’ असंही कुणी म्हणेल. तिच्या पुलावर एकदा उभं राहा, नाकच उत्तर देईल. शुद्ध न झालेलं पाणी कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्द धरणापर्यंत पोचतं.