बाळंतपणाची फाईल हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवा

पन्नाशीतली बाई छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांकडे गेली, की प्रश्न ठरलेले असतात. बीपी आहे का, शुगर आहे का, वडिलांना झटका आला होता का. ‘गरोदरपणात बीपी वाढलं होतं का?’ हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तिलाही ते सांगायचं सुचत नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली, विषय संपला. हृदयाच्या दृष्टीने तो तिथे संपत नाही.

गरोदरपणात शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि ते खेळवण्यासाठी हृदयाला बरंच जास्त काम पडतं. बहुतेकींचं शरीर हे निभावून नेतं. काहींचं बीपी मात्र 20व्या आठवड्यानंतर 140/90 किंवा त्याहून वर जातं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, किंवा यकृत-मूत्रपिंडावर ताण दिसतो. हा प्रीएक्लॅम्पसिया. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बीपी बहुधा उतरतं. तरीही अशा स्त्रियांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट, तर हार्ट फेल्युअरचा जवळपास चौपट असतो. घाबरून जाण्याआधी एक लक्षात घ्या. तरुण वयात मुळात हा धोका फार थोडा असतो, त्यामुळे त्याची दुप्पटही थोडीच.

असं का होतं, याचा धागा वारेखाली, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाखाली, सापडतो. गर्भाशयाच्या भिंतीत पिळदार, बारीक धमन्या असतात. सुरळीत गरोदरपणात वारेच्या पेशी त्यांत शिरतात, भिंतीतला स्नायूंचा थर जवळजवळ नाहीसा करतात आणि त्या धमन्या रुंद, सैल होतात. प्रीएक्लॅम्पसियात हे काम अनेकदा अर्धवट राहतं. धमन्या अरुंदच राहिल्याने वारेला रक्त कमी पडतं. मग वार आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते, की रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी ठेवणारी द्रव्यं अडवली जातात. अस्तर बिघडलं की बीपी चढतं. काही जणींच्या या धमन्यांत सूक्ष्मदर्शकाखाली चरबीने फुगलेल्या पेशी दिसतात. हृदयाच्या धमन्या चोंदायला सुरुवात होते तेव्हाही अशाच पेशी सापडतात. इथे मात्र त्या ऐन उमेदीतल्या बाईच्या गर्भाशयात असतात!

गरोदरपणाने इजा केली, की मुळात दबून असलेला कल उघडा पाडला, यावर तज्ज्ञांत वाद आहे. मला दोन्हींत तथ्य वाटतं, आणि बाईपुरतं उत्तर एकच आहे: बाळंतपणानंतरही बीपी दरवर्षी मोजायचं.

गरोदरपणातल्या शुगरचीही तीच कथा. बाळ झाल्यावर ती बहुतेकींची नॉर्मलला येते आणि सगळे निर्धास्त होतात, पण पुढे टाइप 2 मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त राहते. म्हणून बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत एकदा आणि मग दर 1 ते 3 वर्षांनी तपासणी करायला सांगतात. तान्ह्या बाळाच्या धावपळीत ती पहिली तपासणीच बहुधा राहून जाते. दिवस भरण्याआधीची प्रसूती आणि वारंवार होणारे गर्भपात यांचाही हृदयाशी संबंध आढळला आहे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका थोडा कमी दिसतो, पण तो पाजण्यामुळेच कमी होतो असं ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांना पाजता आलं नाही त्यांनी उगाच मनाला लावून घेऊ नये.

पाळी चाळिशीच्या आत गेली तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावं. कोलेस्टेरॉलविषयीच्या 2018च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत प्रीएक्लॅम्पसिया आणि अशी लवकर गेलेली पाळी, दोन्ही धोका वाढवणाऱ्या गोष्टींत धरल्या आहेत. औषध सुरू करावं की नाही अशा काठावरच्या वेळी त्यांनी पारडं झुकू शकतं. वय झाल्यावर केवळ हृदय जपायला हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात, ही एके काळची समजूत मात्र आता मागे पडली आहे. 2002मध्ये अमेरिकेतली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची मोठी चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला, आणि हृदयविकारही कमी न होता उलट थोडा जास्तच होता.