‘म्हणे’ निराळे, ‘असावा’ निराळे

‘बैठक रद्द झाली म्हणे’ आणि ‘बैठक रद्द झाली असावी’ ही वाक्ये एकाच अर्थाची समजून त्यांची सर्रास अदलाबदल केली जाते, आणि त्यातूनच अंदाजाची बघता बघता बातमी होते.

‘असावा’बद्दल फार सांगायला नको, तो तर्क आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि ‘असावा’ व ‘असेल’ यांच्या छटांवरही इथे वेळ घालवण्याचे कारण नाही. अडते ते ‘म्हणे’पाशी. हे रूप लिंग, वचन, पुरुष यांनुसार बदलत नाही आणि कोण म्हणाले तेही सांगत नाही, म्हणून ते शंकेचे चिन्ह आहे असा समज रुजला आहे, जो मला मुळीच मान्य नाही. उपरोधाने उच्चारल्यास शंका जाणवते, पण ती सुरातली असते. ‘म्हणे’ एवढेच सांगते की ही माहिती मला दुसऱ्याकडून मिळाली; ती पूर्ण खरीही असू शकते.

दोन्हींना विचारायचे प्रश्नच वेगळे आहेत. ‘म्हणे’ ऐकल्यावर ‘कोणी सांगितले?’ असे विचारावे, ‘असावी’ ऐकल्यावर ‘कशावरून?’ असे. सभागृहाला कुलूप पाहून ‘रद्द झाली असावी’ म्हणणाऱ्याजवळ कुलपाचा आधार असतो, सांगणारा कोणी नसतो. त्यानेच ‘रद्द झाली म्हणे’ असे कळवले, तर जो नाहीच असा साक्षीदार तो उभा करतो. कुलपाचा उल्लेख राहून जातो, आणि पुढच्या तोंडी ‘म्हणे’ही गळून ‘रद्द झाली’ एवढेच उरते.

स्वतःविषयी बोलताना हा भेद सर्वांत स्पष्ट दिसतो. ‘मी रात्री झोपेत बडबडत होतो म्हणे’ हे कोणीतरी ऐकून मला सांगितलेले असते. ‘बडबडलो असेन’ हे सकाळी घसा कोरडा पडल्यावरून मी ताडलेले असते.

तुर्की भाषेत ‘मिश’ हा एकच प्रत्यय ऐकीव माहितीसाठीही येतो आणि खुणांवरून काढलेल्या निष्कर्षासाठीही, त्यामुळे अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या कुस्को भागात बोलल्या जाणाऱ्या केचुआ भाषेत मात्र ऐकिवासाठी ‘सि’ आणि तर्कासाठी ‘चा’ असे स्वतंत्र प्रत्यय आहेत. मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवलेच आहेत, शिवाय ते एकत्रही येऊ शकतात: ‘रद्द झाली असावी म्हणे’ या वाक्यात अंदाज दुसऱ्याचा आहे आणि माझ्याकडे केवळ त्याचा निरोप आहे.