राखेचं पाणी आणि गोगलगाईचा शंख

जुलै २०२२च्या अतिवृष्टीत नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राख कोलार-कन्हान नद्यांच्या पाण्यापर्यंत गेली. कोळशात युरेनियम, थोरियम आणि त्यांच्यापासून होणारं रेडियम ही किरणोत्सर्गी मूलद्रव्यं अत्यल्प असतात. कोळसा जळतो, हे मात्र राखेत उरतं आणि त्याचं प्रमाण काही पटींनी वाढतं. तरी ते साधारण माती-खडकांच्या आसपासच राहतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. लक्ष ठेवायचं कारण मात्र आहे, आणि ते बरंच जुनं आहे.

१९४४ साली अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांना थंड करून निघालेलं पाणी कोलंबिया नदीत सोडत. नदी मोठी, सगळं विरून जाईल असा हिशेब होता. पण पाण्यात नाममात्र असलेला किरणोत्सर्गी फॉस्फरस शेवाळात, किड्यांत, माशांत हजारो पटींनी साठलेला सापडला. त्यानंतर सोव्हिएत संघातल्या मायाक अणुकारखान्यानं १९४९ ते १९५६ या काळात तेचा नदीत किरणोत्सर्गी सांडपाणी ओतलं. त्यात स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य होतं.

इथे गोगलगाय महत्त्वाची ठरते. तिचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा. तो वाढवायला ती पाण्यातून आणि अन्नातून सतत कॅल्शियम घेते. स्ट्रॉन्शियम आणि रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचेच भाऊबंद, त्यामुळे तेही शंखात बसतात. पाण्यात कॅल्शियम जितकं कमी, तितकं स्ट्रॉन्शियम जास्त शोषलं जातं. अणुभट्ट्यांतून येणारं दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य म्हणजे सिझियम, त्याचं वागणं पोटॅशियमसारखं. ते मऊ शरीरात जातं आणि हळूहळू बाहेर पडतं. शंखातलं मात्र टिकतं. शिवाय गोगलगाय दगडावरचं शेवाळ खरवडून खाते, आणि त्या शेवाळानं हे पदार्थ आधीच शोषलेले असतात.

२६ एप्रिल १९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर हे फार स्पष्ट दिसलं. स्ट्रॉन्शियम-९० निम्मं व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात. त्या परिसरातल्या तळ्यांतल्या गोगलगाईंच्या शंखांत ते सापडत राहिलं आणि त्यांच्या भ्रूणांत गुणसूत्रांची मोडतोड जास्त आढळली.

पाण्याचा नमुना फक्त त्या दिवसापुरतं सांगतो, म्हणून राख मिसळलेल्या नदीत शंखही तपासायला हवेत असं मला ठामपणे वाटतं. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, अणु खनिज संचालनालयाचं मध्य क्षेत्राचं कार्यालयही आहे. कोलारच्या काठावर, राख बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकाच जातीच्या गोगलगाई गोळा करून त्यांच्या शंखांतलं रेडियम मोजता येईल.